सात पिवळ्या वांग्यांचा मुद्देमाल

अळी नसलेलं वांगं मी घरात घेत नाही.

माझा हा नियम जव्हारच्या बाजारात आता सगळ्यांना पाठ झाला आहे. भाजीवाल्या बायका मला लांबून येताना पाहतात, तेव्हा वरची टवटवीत वांगी बाजूला सारतात आणि पाटीच्या तळाला लोटलेली माझ्यासाठी वर काढतात. सुरुवातीला मात्र त्या बिचकायच्या.

"बाई, ही किडकी हायत. आमी फेकतो ही."

"फेकू नका, मला द्या."

"गुरांना घालाया का?"

"नवऱ्याला!"

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, म्हणून सगळं गाव मला 'बाई' म्हणतं. माझे यजमान, यशवंतराव, कचेरीत कारकून आहेत. स्वभावाने अत्यंत गरीब. (गरीब नसते तर हा लेख लिहायला मी या घरात नसते.) पहिल्या किडक्या भरताच्या दिवशी त्यांनी घास तोंडापर्यंत नेला, थांबवला आणि ताटात परत ठेवला.

"हे काय आहे?"

"प्रमाणपत्र आहे."

"हलतंय."

"जिवंत आहे म्हणून हलतंय! ज्या वांग्यात अळी जगते, त्या वांग्याने माणूसही जगतो. ज्यात अळी मरते ते आपण का खायचं?"

"बरं," ते म्हणाले आणि चमच्याने भरीत उकरू लागले. "अळीने माणसापुरतं काही ठेवलंय का, ते बघतो."

हे वेड माझ्या डोक्यात शिरलं एका व्याख्यानातून. वक्ते अभ्यासू होते. त्यांनी समजावून सांगितलं, की मातीतल्या एका जिवाणूचं जनुक पिकात घालतात आणि मग पिकाच्या पानाफळातच अळीला मारणारं विष तयार होतं. कापसात हे केव्हाच आलं. वांग्याला आपल्याकडे परवानगी नाही, पण चोरून बी येत असल्याची कुजबुज असते. पुढे ते असंही म्हणाले म्हणे, की अळीचं पोट वेगळं, माणसाचं पोट वेगळं, तेव्हा उगाच घाबरून न जाता दोन्ही बाजू तपासायला हव्यात. पण नेमका तेव्हा चहा आला आणि मी भज्यांच्या रांगेत होते.

माझा राग मात्र खरा होता. आजही आहे! माझ्या ताटात काय घालताय ते मला विचारणार की नाही? पाकिटावर स्पष्ट लिहिणार की नाही? आणि बी दरवर्षी दुकानातूनच आणायचं ठरलं, तर आमच्या डोंगरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बियांचं काय? हे प्रश्न मी स्टाफरूममध्ये विचारले, रेशनच्या रांगेत विचारले, एसटी डेपोत कंट्रोलरलाही विचारले. (तो म्हणाला, नाशिक गाडी लेट आहे.) कुणीही उत्तर दिलं नाही, तेव्हा ही लढाई आपल्यालाच लढायची आहे अशी माझी खात्री पटली. फक्त शत्रू सापडत नव्हता.

तो होळीला सापडला. माझ्या सासरी, साखरशेतला!

साखरशेतला आमचं घर आहे. तिथे सासूबाई आणि धाकटा दीर काशिनाथ राहतात. भात, नागली तेच दोघं पिकवतात. आम्ही जव्हारहून सणासुदीला जातो आणि पिकवलेलं खाऊन येतो. भात झोडून झाला, की काशिनाथ नाशिककडे भाजीच्या मळ्यांवर कामाला जातो आणि होळीला परततो. सासूबाईंनी त्या दिवशी नागलीच्या भाकरी आणि परसातल्या काटेरी वांग्यांचा रस्सा केला होता. मी तीन वेळा वाढून घेतलं. चौथ्यांदा पातेल्यात डाव घातला आणि माझा हात थबकला. इतक्या वांग्यांत एकालाही भोक नाही! एकही अळी नाही!

"आत्या," मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, (सासूला आमच्यात आत्याच म्हणतात) "ही वांगी कुठली?"

"झाडाची."

"तसं नाही. बी कुठलं?"

"वांग्यातलं."

"आणि ते वांगं?"

"झाडाचं. काय झालं गं? मीठ कमी हाय का?"

वर्गात अशी उत्तरं देणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं करते. सासूबाईंना उभं करणं शक्य नव्हतं, कारण त्या आधीच उभ्या होत्या आणि हातात गरम तवा होता. पण उत्तरं टाळली जात आहेत, एवढं माझ्यातल्या शास्त्रज्ञाने टिपून ठेवलं.

जेवणं झाल्यावर काशिनाथ आणि यशवंतराव होळीची लाकडं रचायला गेले. सासूबाई शेजारच्या बारकीकडे बसायला गेल्या. मी परसात शिरले. सांडपाण्यावर वाढलेली दहा-बारा झाडं होती. सात वांगी पिवळीधमक होती! नेहमीच्या वांग्यांपेक्षा दुप्पट मोठी, तुकतुकीत. आणि प्रत्येकाच्या देठाला रंगीत चिंधी बांधलेली. लाल, निळी, हिरवी. आमच्या पुस्तकात प्रयोगाच्या रोपांना अशाच खुणा करतात. म्हणजे काय? माझ्या सासरच्या परसात कुणीतरी चोरून चाचणी घेत होतं!

कुणी? उत्तर ओटीवरच्या खुंटीला टांगलेलं होतं. काशिनाथने नाशिकहून आणलेली पिशवी! तिच्यावर कुठल्याशा बियाणे कंपनीचं चकचकीत वांगं छापलेलं होतं. आत त्याचे दोन शर्ट आणि एक टॉवेल होता. (पुरावा लपवायला कपडे वापरतात, हे मी टीव्हीवर कितीदा पाहिलं आहे.) सख्खा दीर! जो माझ्या लग्नात पायात गोळे येईपर्यंत नाचला, तो दीर!

मी एक क्षणही दवडला नाही. सातही वांगी तोडली, चिंध्यांसकट. घरातला एक पत्र्याचा डबा घेतला, त्यात ती भरली, झाकण लावलं आणि भोवती चिकटपट्टी फिरवली. वर कागद चिकटवला: 'मुद्देमाल. वांगी नग सात. पिवळी. उघडू नये.' संध्याकाळी होळीभोवती सगळे नाचत होते, काशिनाथ सगळ्यांत पुढे, आणि मी हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत होते.

"वहिनी, चला ना नाचाया! टेन्शन नाय घ्यायचं!"

"नाच बाबा, नाचून घे," मी म्हणाले. "जव्हारला गेले की मी बघते."

जव्हारला परतल्यावर मी कृषी सहायकाला गाठलं. तरुण, सभ्य मुलगा. तो म्हणाला, असली तपासणी इथे होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो, त्यासाठी रीतसर अर्ज लागतो. अर्ज! मी तीन पानं लिहिली. प्रास्ताविक, निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष, सगळं काही. मागणी म्हणून शेवटी लिहिलं, 'माझा दीर असला तरी गय करू नये.' अर्ज दिला आणि डबा आमच्या गॅलरीत ठेवून दिला. मार्च महिना. जव्हार थंड हवेचं ठिकाण आहे असं पाहुण्यांना सांगतात, पण आमच्या गॅलरीला ते कुणी सांगितलेलं नाही.

दहा दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. त्या फोन करतात तेव्हा पलीकडच्या गावालाही ऐकू जातं, पण आज आवाज बारीक होता.

"परसातली वांगी गेली गं. बियाला धरलेली. सातच्या सात."

"बियाला?" मी खुर्चीवर बसले.

"म्हातारी होऊ दिली होती झाडावर. पिवळी झाली की मगच बी धरतं ना आत. चिंध्या पण बांधल्या होत्या, कोणी तोडू नये म्हणून. सगळ्या गावाला कळतं, चिंधी बांधली की हात नाय लावायचा. पोरं लावत नाय. बारकीच्या शेळीनंच खाल्ली असतील. होळीपासून बोलत नाय मी तिच्याशी."

"शेळीशी?"

"बारकीशी!"

मी विज्ञानाची शिक्षिका. वांगं पिकलं की पिवळं होतं, हे मला माहीत नव्हतं. मला वांगं बाजारात जांभळं किंवा हिरवं दिसतं आणि पुस्तकातही तसंच असतं. आणि फळावर चिंधी म्हणजे 'हे बियाचं आहे, तोडू नका' ही पाटी, हे त्या गावातल्या शेंबड्या पोराला कळतं; मला कळलं नाही. तरी मी शेवटचा किल्ला लढवून पाहिला.

"पण आत्या, तुमच्या वांग्यांना अळी कशी नाही?"

"असल कशी? रोज सकाळी उठून बघते मी. ज्या झाडाचा शेंडा मान टाकतो, त्यात अळी शिरलेली असते. तो शेंडा खुडायचा आणि चुलीत टाकायचा. पानांवर राख मारायची. अळी आपोआप मरत नाय बाय. माझी कंबर मोडते तेवा मरते."

मग सासूबाई म्हणाल्या, "माझ्या आयनं लग्नात दिलेलं बी होतं ते. माझ्या माहेरचं, दाभोश्याचं. लुगड्याच्या गाठीत बांधून आणलं मी. आता दाभोश्याला पण कोण लावत नाय, भाऊ दुकानाचंच आणतो. इथं पण सगळं पेरून संपवलं होतं मी, झाडं पण वाळाया लागली, नवं फळ धरत नाय, याच सातांवर भरवसा होता. संपलं आता."

सासूबाई रडणाऱ्यातल्या नाहीत. सासरे गेले तेव्हाही त्यांनी आधी म्हशीला पाणी पाजलं होतं आणि मग टाहो फोडला होता. त्या बाईचा आवाज सात वांग्यांसाठी फुटला. जी बियाणी वाचवा म्हणून मी एसटीच्या कंट्रोलरला छळत होते, त्यांतलं एक माझ्या घरात जिवंत होतं आणि ते मी चिकटपट्टी लावून बंद केलं होतं. मला इतकी लाज वाटली, की फोन कानाला लावूनच मी उठून उभी राहिले.

"आत्या, शेळीने नाही खाल्ली."

"मग कोणी?"

"मी जप्त केली आहेत."

"काय केलीस?"

"पुरावा म्हणून."

मग त्यांचा मूळ आवाज परत आला. "डबा घेऊन ये. आत्ताच्या आत्ता!"

मी गॅलरीत धावले. डबा नव्हता!

"अहो! डबा कुठे आहे?"

"कुठला? तो वासाचा?" यशवंतराव पेपर वाचत होते. "शेजारचे तीनदा येऊन गेले. घरात उंदीर मेलाय का विचारत होते. आत्ताच घंटागाडीत दिला."

बावीस वर्षांच्या संसारात या माणसाने न सांगता एकही काम केलं नव्हतं. हे एक केलं!

मी साडी वर खोचली आणि पळाले. घंटागाडी राजवाड्याकडच्या उताराला लागली होती. तिचं स्वच्छतेचं गाणं ऐकू येत होतं आणि त्या गाण्यामागे मी. वाटेत माझ्याच वर्गातली मुलं उभी होती. "बाई पळतायत! बाई पळतायत!" असं ओरडत तीही मागे लागली. गाडी थांबली तेव्हा माझ्या मागे एक छोटीशी मिरवणूक होती.

"डबा द्या!" मी धापा टाकत म्हणाले.

"मॅडम, तो सडलाय."

"सडू दे! सासूबाईंचं स्त्रीधन आहे!"

गाडीवाल्याने नाकाला रुमाल लावून स्त्रीधन माझ्या हातात दिलं.

पुढचा प्रवास जीपने. एरवी साखरशेतच्या जीपमध्ये माणसं टपावर आणि मागे लटकलेली असतात. त्या दिवशी मला अख्खं मधलं सीट मिळालं. मग पुढचंही मिळालं. शेवटी जीपमध्ये मी, डबा आणि ड्रायव्हर एवढेच उरलो आणि ड्रायव्हरचं अर्धं अंग खिडकीबाहेर होतं.

"बाई, काय मेलंय डब्यात?"

"माझी अक्कल," मी म्हणाले. त्याने गाडी आणखी जोरात हाणली.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. काशिनाथही होता. मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. सासूबाईंनी कागदावरचं 'उघडू नये' वाचता येत नसल्यामुळे ताबडतोब डबा उघडला. आत वांगी नव्हतीच, नुसता लगदा होता. काशिनाथ तीन पावलं मागे सरला. सासूबाई मात्र वाकल्या, सरळ आत हात घातला, बोटांनी लगदा कुस्करला आणि वास घेतला.

"कोणी शिकवलं तुला हे?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"बी काढाया असंच कुजवतात. जरा जास्तच कुजवलंस. झाकण कशाला लावायचं गं, कढलंय आत."

त्यांनी लगदा घमेल्यात ओतला, वर पाणी घातलं आणि हाताने ढवळलं. पोकळ बी तरंगलं आणि पाण्याबरोबर वाहून गेलं. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं. असं चार वेळा केल्यावर घमेल्याच्या तळाशी मूठभर बी उरलं. पिवळसर, चपटं, जड. त्यांनी ते राखेत चोळून सुपात पसरलं आणि सूप सावलीला ठेवलं. मी रडायला लागले.

"रडतेस काय? अजून मेलंय का जगलंय ते कुठं कळलंय? चिमूटभर करवंटीत पेरते. उगवलं तर उगवलं." मग त्यांना आठवलं. "आधी बारकीकडं जा. पाया पड तिच्या."

मी गेले. बारकीने मोठ्या मनाने माफ केलं. शेळीने केलं नाही. तिने माझ्या पदराचा तुकडा खाल्ला.

पुढचे दिवस मी रोज फोन करत होते. "उगवलं का?"

"बी हाय ते. चहा नाय, ठेवला की उकळला."

"आज?"

"नाय."

"आज तरी?"

"तू फोन करतेस ना, त्याला लाज वाटते वर याला."

सुट्टीच्या दिवशी मी सासूबाईंच्या हुकमाप्रमाणे साखरशेतला कामाला जात होते. परसाभोवती कुंपण घालायचं होतं आणि त्याच्या काट्या मी तोडायच्या होत्या. अशाच एका सकाळी सासूबाईंनी मला हाक मारली. त्यांच्या हातात करवंटी होती आणि करवंटीत राखाडी मातीतून इवली इवली हिरवी मान वर काढून नऊ कोंब उभे होते. मी दोनदा मोजले. सासूबाईंनी तिसऱ्यांदा मोजले. मी त्यांचा राखेने माखलेला हात धरला आणि त्यांनी तो धरू दिला.

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. कृषी सहायक! अर्ज मागे घ्यायचा मी साफ विसरले होते!

"इथे बेकायदा बियाणं असल्याची तक्रार आहे," तो कागद उघडत म्हणाला. काशिनाथने त्याच्या खांद्यावरून वाकून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "संशयित, काशिनाथ. वर्ण सावळा. बांधा मध्यम. नेहमी हसतमुख, कंसात, हे संशयास्पद... वहिनी! होळीला मी तुमाला पहिला नारळ दिला!"

"पुढे नको वाचूस," मी म्हणाले.

"'माझा दीर असला तरी गय करू नये!'" त्याने पुढेही वाचलं.

कृषी सहायकाने झाडं पाहिली, करवंटी पाहिली, खुंटीवरची पिशवी पाहिली. सासूबाई त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे माझ्या आयचं बी हाय. याला कोणाचा कागद नाय नि पाकीट पण नाय. दुकानाचं बी एक साल जगतं, मग परत दुकानाच्या दारात उभं राहा. माझं बी मी मेल्यावर पण उगवल. कोणाला विचारून नाय उगवत ते!"

मी टाळ्या वाजवणार होते, पण हातात कोयता होता. जे मी तीन पानांत लिहू शकले नाही, ते अंगठा लावणाऱ्या बाईने उभ्या उभ्या सांगितलं.

"म्हणजे बाई, तक्रार मागे घेता ना?" त्याने मला विचारलं.

"काशिनाथवरची घेते," मी म्हणाले. "चोरून येणाऱ्या बियाण्यावरची नाही! कोऱ्या कागदावर आत्ता लिहून देते. आमच्या ताटात काय येतं ते आम्हाला आधी सांगा. आणि या बायकांच्या बियांना धक्का लावलात, तर मी परत तीन पानं लिहीन!"

तो घाईने म्हणाला, की तीन नकोत, एक पुरे. मग जाता जाता त्याने सासूबाईंकडे थोडं बी मागितलं, त्याच्या आईसाठी. सासूबाई खूश झाल्या. निघताना त्याची नजर परसाकडे गेली.

"कुंपण चांगलं दणकट घातलंय. रानडुकरं येतात का?"

"नाय," सासूबाई म्हणाल्या.

"माकडं?"

"नाय. शिकलेली येतात."

शेवटची काटी खोचायची राहिली होती, ती मी खोचली आणि नीट दाबून बसवली. चारी बाजूंनी पक्कं, फटसुद्धा नसलेलं कुंपण मी माझ्या हातांनी घातलं होतं. सासूबाईंची अट एवढीच होती, की घालताना मी बाहेर उभं राहायचं.